न मागितलेल्या सेवेचं बिल: माफ झालं तरी पुन्हा का येतं, आणि मुळापासून कसं थांबवायचं

कस्टमर केअरला फोन झाला, पलीकडून दिलगिरी व्यक्त झाली, रक्कम वजा केल्याचा एसएमएसही आला. आणि पुढच्या बिलात तीच ओळ परत हजर: 'वार्षिक देखभाल', 'प्रीमियम सपोर्ट', 'अतिरिक्त पॅक' किंवा असंच काहीतरी, जे घरात कुणीही मागितलेलं नाही. या वेळी मागच्या महिन्याच्या विलंब शुल्कासह.

बिल असं परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कंपनीच्या हिशोबात दोन गोष्टी वेगळ्या असतात: तुमच्या ग्राहक क्रमांकावर चढवलेली सेवेची नोंद, आणि त्या नोंदीतून दर महिन्याला निघणारी रक्कम. फोनवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात साधारणपणे रक्कम कमी करणं एवढंच असतं. नोंद तशीच राहते, आणि बिलाची तारीख आली की यंत्रणा पुन्हा रक्कम काढते. म्हणून 'बिल माफ करा' ही मागणीच अपुरी आहे. हव्या असलेल्या गोष्टी तीन आहेत: सेवेची नोंद सुरुवातीच्या तारखेपासून रद्द, आकारलेल्या रकमेची क्रेडिट नोट (बिल तेवढ्याने कमी केल्याचा कंपनीचा कागद), आणि त्या क्रमांकावर काही येणं बाकी नाही असं लेखी पत्र. यातली एक जरी राहिली, तरी प्रकरण सहा महिन्यांनी वसुलीवाल्याच्या फोनच्या रूपाने परत येऊ शकतं.

खाली दिलेली सगळी माहिती भारतातल्या कायद्यांना आणि नियमांना धरून आहे.

आधी बिल खरं आहे का ते बघा

बिलावर छापलेल्या किंवा एसएमएसमध्ये आलेल्या नंबरवर लगेच फोन करू नका. 'आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा' छापाचे मेसेज वर्षानुवर्षं फिरत आहेत. त्यांच्यामागे कंपनी नसून भामटे असतात, आणि फोन केला की ते स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप उतरवायला सांगतात. कंपनीचा नंबर जुन्या, खात्रीच्या बिलावरून किंवा तिच्या अधिकृत अ‍ॅपवरून घ्या.

कागद खरा वाटला तर त्यावरचा जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७), पुढची दहा अक्षरं त्या व्यवसायाच्या पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव दिसतं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात, कारण बिलावरचं झळकणारं नाव एकाचं आणि पैसे मागणारी संस्था भलतीच, हे घरगुती दुरुस्ती-देखभालीच्या धंद्यात सर्रास असतं. यंत्र एका कंपनीचं, देखभाल करार विकणारी एजन्सी दुसरी. पत्र मूळ कंपनीला जातं, ती 'हा करार आमचा नाही' म्हणते, आणि एजन्सी बिलं पाठवत राहते. दोन नावं दिसली तर पत्र दोघांनाही पाठवा.

जीएसटी क्रमांक बनावट निघाला, किंवा तुम्ही आधीच पैसे भरून बसलात आणि फसवणूक कळली, तर पुढचं काहीही वाचण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवायचे असतील तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

ते बिल आलं कुठून?

उपाय कारणावर ठरतो, म्हणून इथे थोडा वेळ द्यावा. पहिल्यांदा घरातच विचारा, पण नीट विचारा. 'तू ही सेवा घेतलीस का?' याचं उत्तर सगळे 'नाही' देतील. 'दुरुस्तीला आलेल्या माणसाला ओटीपी दिला होता का? टॅबवर सही केली होती का? फोनवर कुणी बोललं तेव्हा "हो, हो" म्हटलं होतं का?' असं विचारा. घरातल्या ज्येष्ठांकडून 'काम पूर्ण झाल्याचा कोड' म्हणून घेतलेला ओटीपी प्रत्यक्षात करार मान्य केल्याचा असतो, हा या सगळ्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. तो ओटीपीचा एसएमएस शोधून काढा. त्यात ओटीपी कशासाठी आहे याचं वाक्य असतं. 'सर्व्हिस कॉल बंद करण्यासाठी' असं लिहिलं असेल आणि कंपनी तोच ओटीपी कराराची संमती म्हणून दाखवत असेल, तर तुमच्या बाजूचा याहून चांगला पुरावा नाही. तो मेसेज कधीही पुसू नका.

दुसरा प्रकार म्हणजे मोफत काळ संपल्यावर सुरू झालेली आकारणी, किंवा गेल्या वर्षीचा करार न विचारता पुढे ढकलणं. इथे मूळ नोंदणी तुम्ही केली होती का आणि आपोआप नूतनीकरणाची अट तेव्हा स्पष्ट दाखवली होती का, एवढंच बघायचं. ऑनलाइन खरेदीत आधीच टिक केलेल्या चौकोनाने संमती घेणं ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइटच्या रचनेतून ग्राहकाला फसवण्याच्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. ग्राहकाच्या नकळत खरेदीत जादा सेवा घुसवणं ('बास्केट स्नीकिंग') आणि सेवा सोडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं ('सबस्क्रिप्शन ट्रॅप') हे त्यांतले दोन. तक्रारीत ही नावं जशीच्या तशी वापरा. तक्रार वाचणाऱ्याला विषय लगेच कळतो.

तिसरा: बिल आधीच्या भाडेकरूचं किंवा जुन्या मालकाचं. पत्ता तुमचा, नाव दुसऱ्याचं. असं बिल तुम्ही भरायचं कारण नाही, पण फेकूनही देऊ नका. ताब्याची तारीख दाखवणारा भाडेकरार किंवा ताबापत्र जोडून 'या तारखेपूर्वीच्या ग्राहकाशी आमचा संबंध नाही' असं कळवा. वीज-पाण्याच्या थकबाकीचं मात्र वेगळं आहे. ती जागेला चिकटू शकते. त्यामुळे तिथे फक्त 'माझं नाव नाही' म्हणून भागत नाही, त्या संस्थेचे नियम बघावे लागतात.

चौथा प्रकार सगळ्यात गंभीर: तुमच्या कागदपत्रांवर कुणीतरी जोडणीच घेतली आहे. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावरचे मोबाइल नंबर दिसतात आणि 'हा माझा नाही' अशी नोंद तिथेच करता येते. यात कंपनीला पत्र आणि पोलिसांत लेखी तक्रार, दोन्ही हवं. पोलीस तक्रारीची पोच नसेल तर कंपनी असा दावा सहसा ऐकत नाही.

'बंद करा' म्हणू नका

सगळ्यात जास्त नुकसान या दोन शब्दांनी होतं. 'कृपया ही सेवा बंद करा' असं तुम्ही लिहिलं की कंपनीच्या नोंदीत ती रद्द करण्याची विनंती ठरते. अर्थ असा लागतो की सेवा चालू होती, ग्राहकाला आता नको आहे. मग बंद होईपर्यंतचं शुल्क, नोटीस काळाचं शुल्क, कधी मुदतीआधी सोडल्याचा दंडसुद्धा लागतो. एका चुकीच्या बिलातून दुसरं 'बरोबर' बिल जन्माला येतं.

त्याऐवजी: 'या सेवेची मागणी आम्ही कधीही केलेली नाही. नोंद सुरुवातीच्या तारखेपासून रद्द करा.' अ‍ॅपमध्ये 'अनसबस्क्राइब'चं बटण असेल तर आधी हे लेखी पाठवा, त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मगच बटण दाबा. 'सूट द्या', 'समजून घ्या', 'यावेळी माफ करा' हीसुद्धा कबुलीची भाषा आहे. तीही टाळा.

याच्या मुळाशी असलेला नियम जुना आणि पक्का आहे. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे प्रस्तावाला होकार मिळाला तरच करार होतो, आणि कलम ७ प्रमाणे तो होकार निःसंदिग्ध आणि व्यक्त केलेला हवा. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. 'सात दिवसांत नकार न कळवल्यास संमती समजली जाईल' असं पत्र कंपनीने पाठवलं म्हणून तुम्ही बांधले जात नाही. आणि पैसे मागणाऱ्याने आपला हक्क सिद्ध करायचा, हे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १०४ मधलं तत्त्व आहे. 'मी मागितलं नाही' हे सिद्ध करण्याच्या खटाटोपात पडू नका. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुणाकडेच नसतो. 'मी मागितल्याचा पुरावा द्या' एवढं म्हणा आणि त्यावरून हलू नका.

पैसे भरताना: कलम ५९ आणि ६०

मूळ सेवा हवी आहे, उदाहरणार्थ ब्रॉडबँड, आणि त्यावर चढवलेली जादा सेवा नको आहे, अशा वेळी लोक एक समंजस वाटणारी गोष्ट करतात: वादातली रक्कम वजा करून उरलेले पैसे भरतात. पुढच्या महिन्यात मूळ सेवाच तोडली जाते. का?

करार कायद्याचं कलम ६० सांगतं की पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितलं नसेल, तर घेणारा ते त्याच्या मर्जीने कायदेशीर देण्यात वळते करू शकतो. यंत्रणा बहुधा सगळ्यात जुनी थकबाकी आधी फेडून घेते. म्हणजे तुमचे पैसे वादातल्या रकमेत जमा होतात आणि मूळ भाडं 'न भरलेलं' राहतं. कलम ५९ तुमच्या बाजूचं आहे: पैसे अमुक देण्यापोटीच आहेत असं देणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर त्याच खात्यात जमा करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी किंवा त्याच दिवशी ईमेल करा: 'अमुक तारखेला भरलेली रक्कम केवळ मूळ प्लॅनच्या अमुक महिन्याच्या आकारापोटी आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ५९ नुसार ती इतर कोणत्याही आकारात वळती करू नये.' ऑनलाइन भरताना शेरा लिहायची जागा असेल तर तिथेही टाका. दोन ओळींचं काम आहे, आणि दर महिन्याचा अर्धा वाद त्याने संपतो.

कधी कधी जोडणी तुटायची भीती खरी असते आणि पूर्ण रक्कम भरण्यावाचून गत्यंतर नसतं. तेव्हा भरा, पण 'हरकत कायम ठेवून, दबावाखाली' असं आधी लेखी कळवून. चुकून किंवा दबावाखाली दिलेले पैसे परत करावे लागतात, असं कलम ७२ सांगतं. हा शेरा नसेल तर कंपनी तेच पैसे तुमच्या संमतीचा पुरावा म्हणून दाखवते.

विजेच्या बिलाबाबत कायदा आणखी स्पष्ट आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारा आकार, यांतली कमी असेल ती रक्कम हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. सरासरी स्वतः काढा: मागच्या सहा बिलांची बेरीज, भागिले सहा. तो हिशोब पत्रात मांडा.

जे अजिबात करू नये: 'मिटवून टाकू' म्हणून थोडी रक्कम भरणं. वसुलीवाला 'अर्धे भरा, फाइल बंद करतो' म्हणतो. पैशाच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे साधारण तीन वर्षांची मुदत असते. खरोखरचं देणं असेल तर त्यातला काही भाग भरला किंवा ते लेखी कबूल केलं की ती मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. मरायला टेकलेला दावा तुमच्याच सहीने उठून बसतो.

सेवा वापरली गेली असेल तर

इथे प्रामाणिकपणे बघायला हवं, कारण 'मी मागितलं नव्हतं' हे प्रत्येक वेळी पुरेसं नसतं. करार कायद्याचं कलम ७० म्हणतं की कुणी तुमच्यासाठी कायदेशीरपणे, फुकट करायच्या इराद्याशिवाय काही केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. कायद्यातलंच उदाहरण: व्यापारी चुकून तुमच्या घरी माल ठेवून गेला आणि तुम्ही तो आपलाच समजून वापरलात, तर पैसे द्यायचे. पण लाभ लादता येत नाही. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, की समोरच्याला ती गोष्ट नाकारण्याची किंवा परत करण्याची मोकळीक असायला हवी.

घरगुती दुरुस्तीत याचा अर्थ असा. मेकॅनिक गळती बघायला आला आणि न विचारता मोटर बदलून गेला. कळल्या दिवशीच लेखी कळवा: 'हा भाग बदलायला आम्ही सांगितलं नव्हतं. नवीन भाग काढून जुना परत बसवा, अमुक दिवसांत माणूस पाठवा.' जुना भाग जागेवर नसेल तर तो मागा. तो परत मिळाला नाही तर बदलण्याची गरज होती हे सिद्ध करणं समोरच्याला कठीण जातं. कळवून झाल्यावर यंत्र वापरावंच लागत असेल तर तेही लिहा: 'वापर नाइलाजाने आहे, किमतीला मान्यता नाही.' महिनाभर गप्प राहून मग हरकत घेतली की बाजू निम्मी होते. जॉब शीटवर (मेकॅनिकच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) सही करताना तिच्यातले रिकामे रकाने आडव्या रेघेने बंद करा आणि फोटो काढा. सहीनंतर त्या रकान्यांत भर पडते.

पहिलं पत्र

फोन फक्त तक्रार क्रमांक मिळवण्यासाठी करा. खरं काम पत्राचं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि रक्कम मोठी असेल तर तेच पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पोचीसह पाठवा.

विषय: ग्राहक क्रमांक ____, बिल क्रमांक ____, दिनांक ____: मागणी न केलेल्या सेवेच्या आकारणीस हरकत

महोदय/महोदया,

वरील बिलात '____' या नावाने रुपये ____ आकारले आहेत. या सेवेची मागणी मी किंवा माझ्या घरातील कोणीही केलेली नाही. आपल्यात असा कोणताही करार झालेला नाही. ही रक्कम मला अमान्य आहे.

आपला दावा असल्यास पुढील गोष्टी १५ दिवसांत पाठवाव्यात: (१) मागणीची तारीख, वेळ व माध्यम, (२) सही केलेला अर्ज, किंवा कॉलचं संपूर्ण रेकॉर्डिंग, किंवा ओटीपीची नोंद व त्यासोबत पाठवलेल्या संदेशाचा मजकूर, (३) मागणी नोंदवणाऱ्या एजन्सीचं वा कर्मचाऱ्याचं नाव, (४) सेवा प्रत्यक्ष दिल्याचा पुरावा.

पुरावा नसल्यास नोंद सुरुवातीच्या तारखेपासून रद्द करावी, विलंब शुल्कासह पूर्ण रकमेची क्रेडिट नोट द्यावी आणि येणं बाकी नसल्याचं पत्र द्यावं. वाद मिटेपर्यंत या रकमेवर विलंब शुल्क आकारू नये, ती वसुलीसाठी त्रयस्थाकडे देऊ नये आणि पतमाहिती कंपन्यांना (उदा. सिबिल) कळवू नये.

हे पत्र सेवा बंद करण्याची विनंती नाही.

रेकॉर्डिंग 'संपूर्ण' मागण्याला कारण आहे. कापलेल्या तुकड्यात फक्त तुमचं 'हो' ऐकू येतं. प्रश्न काय होता ते नसतं. 'मी अमुक-तमुकांशी बोलतोय ना?' यालाही उत्तर 'हो'च असतं.

क्रेडिट नोट हा शब्दही जपून निवडलेला आहे. 'सूट' किंवा 'वॉलेटमध्ये परतफेड' दिली की मूळ बिल हिशोबात बरोबरच राहतं. क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा क्रमांक असतो आणि ते बिल तेवढ्या रकमेने कमी झालं हे कागदावर येतं.

आपोआप कपात होत असेल तर

क्रम महत्त्वाचा. आधी हरकतीचं पत्र, मग कपात थांबवणं. उलटं केलं तर कंपनी 'पैसे थकवले' एवढंच बघते.

यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी रद्द करा. कार्डावरची परवानगी बँकेच्या ई-मँडेट पानावर दिसते. अशा कपातीआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती आली नसेल तर बँकेकडे तक्रारीचा वेगळा मुद्दा मिळतो. खात्यातून थेट कपातीची परवानगी (एनएसीएच मँडेट) रद्द करायला बँकेत लेखी अर्ज द्या, त्यात त्या मँडेटचा यूएमआरएन हा ओळख क्रमांक लिहा. खातं रिकामं ठेवून कपात परतवणं हा उपाय नव्हे. बँकेचा दंड बसतो, आणि पैसे अपुरे असल्यामुळे परतलेल्या अशा व्यवहारावर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली धनादेश न वटल्यासारखी कारवाई होऊ शकते.

परवानगी तुम्ही दिलीच नव्हती, तर तो अनधिकृत व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणाच्या चुकीने असा व्यवहार झाला आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. परवानगी दिली होती पण रक्कम किंवा सेवा चुकीची आहे, असं असेल तर हे परिपत्रक लागू पडत नाही. कार्डाच्या व्यवहारात मग 'चार्जबॅक', म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागायचा. बँकेत हे दोन अर्ज एकमेकांत मिसळले की दोन्ही नामंजूर होतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

पत्राला उत्तर नाही किंवा ठरावीक छापाचं उत्तर

फोन आणि इंटरनेटसाठी वाट ठरलेली आहे. आधी तक्रार केंद्राचा डॉकेट (तक्रार) क्रमांक, समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत. मोबाइलवर न मागता चालू झालेल्या मूल्यवर्धित सेवेसाठी (कॉलर ट्यून वगैरे) १५५२२३ हा सामायिक क्रमांक आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१३ च्या निर्देशांप्रमाणे अशी सेवा चालू करायला ग्राहकाची दुहेरी संमती लागते, म्हणून पुरावा मागताना दोन्ही संमतींची नोंद मागा. बहुधा एकच निघते. 'दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा मुद्दा ग्राहकाच्या बाजूने निकाली काढला आहे.

इतर सेवांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ही न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मिळवते. तरी वापरा, कारण मोठ्या कंपन्यांत हेल्पलाइनकडून आलेली तक्रार बहुधा वेगळा विभाग बघतो, आणि नोंद काढण्याचा अधिकार त्याच विभागाकडे असण्याची शक्यता जास्त. तक्रारीसोबत वरचं पत्र, पोच आणि दोन बिलं जोडा. वर्णन दहा ओळींच्या वर नको.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. स्क्रीनशॉट आणि ईमेल पुरावा म्हणून देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा. ते नसलं की समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो.

एक पेच आधी ओळखून ठेवा. ज्या कंपनीशी तुमचा काहीच संबंध नाही, एक पैसाही दिलेला नाही, तिच्याविरुद्ध आयोगात गेलात तर ती म्हणू शकते, 'तुम्हीच सांगता सेवा घेतली नाही, मग तुम्ही आमचे ग्राहक कसे?' मूळ सेवा त्याच कंपनीची असेल किंवा पैसे भरले असतील तर हा आक्षेप टिकणं कठीण. संबंधच नसेल तर आयोगाची घाई करू नका. पैसे हवेत ते त्यांना, दावा लावायचा तर त्यांनी लावावा. तुमचं लेखी उत्तर तयार ठेवा, आणि असा प्रकार अनेकांशी होत असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करा.

वसुलीचे फोन, वकिलाची नोटीस, लोक अदालत

वसुली एजंटला घरात शिरण्याचा किंवा वस्तू उचलण्याचा अधिकार नाही. न भरलेलं बिल हा दिवाणी वाद आहे, 'पोलीस पाठवतो' ही पोकळ धमकी. फोनवर वाद घालू नका. 'हरकतीचं पत्र अमुक तारखेचं आहे, तुमच्या नेमणुकीचं पत्र ईमेल करा' एवढं बोलून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. तरी तिला १५ दिवसांत थोडक्यात उत्तर द्या आणि जुनं पत्र जोडा. न्यायालयाचं समन्स मात्र कधीच बाजूला ठेवू नका. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल होतो.

लोक अदालतीच्या नोटिशीने लोक फार घाबरतात. दावा दाखल होण्याआधीच कंपन्या अशा नोटिसा काढतात. साध्या लोक अदालतीत दोघांची संमती असेल तरच निवाडा होतो. जा, पत्र दाखवा, 'देणं अमान्य' असं नोंदवा, आणि पटत नसेल तर सही करू नका. सही झाली की निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. कायमस्वरूपी लोक अदालत मात्र निराळी. फोन, वीज, पाणी अशा सार्वजनिक उपयोगाच्या सेवांबाबत ती तडजोड न झाल्यास स्वतः निर्णय देऊ शकते. म्हणून नोटिशीवर 'कायमस्वरूपी' हा शब्द आहे का ते नीट वाचा, आणि असेल तर कागदपत्रांनिशी हजर राहा.

पत अहवालात ही रक्कम थकबाकी म्हणून दिसली तर पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन हरकत घ्या. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

नोंद खरंच गेली का?

कंपनीने 'प्रकरण बंद' असा मेसेज पाठवला की फाइल गुंडाळू नका. अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत 'सक्रिय सेवांची यादी' मागून बघा. बिलात रक्कम शून्य दिसते पण सेवेचं नाव छापलेलं आहे, असं असेल तर नोंद जिवंत आहे आणि सवलतीचा काळ संपताच आकारणी पुन्हा सुरू होणार. पुढची तीन बिलं ओळ न ओळ वाचा. देखभाल करार असेल तर त्याच्या नूतनीकरणाच्या तारखेआधी ३० दिवसांची आठवण फोनमध्ये लावा. बिल परत आलंच तर नवी तक्रार करू नका. जुन्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन त्याच ईमेलच्या साखळीत उत्तर द्या. नव्या क्रमांकाने मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.